खानदेशात कमी धोक्याची जागा : तालुक्याआधी उतार बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ठाण्यातली नोकरी संपत आली, मूळ गाव खानदेशातलं, सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई. जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत भूकंप, पूर आणि वादळ यांचा धोका सर्वांत कमी कुठे आहे? तिथे तीन-चार गुंठ्यांचा प्लॉट घेऊन घर बांधायचं, त्यासाठी गावाचं नाव हवं आहे.

नावं पुढे देतोच. पण भाऊ, खानदेशात धोका जिल्ह्यागणिक फारसा बदलत नाही. तो दोनशे पावलांवर बदलतो. एकाच गावात नदीकाठच्या गल्लीत कमरेएवढं पाणी शिरतं आणि गढीवर चिखलही नसतो. आपली जुनी गावठाणं बघा, बहुतेक पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या, उंचवट्यावर आहेत. जुन्या लोकांना तिथे पाणी चढत नाही हे माहीत होतं. नव्या कॉलन्या मात्र गावाबाहेरच्या सपाट काळ्या शेतात पडल्या, आणि शेत सपाट का होतं याचं उत्तर बहुतेक वेळा बाजूच्या नाल्याच्या गाळात असतं. म्हणून 'कोणतं गाव' याच्या आधी 'गावातली कोणती बाजू' हे ठरवायला हवं.

दुसरं म्हणजे तुमच्या यादीत ऊन आणि पाणीटंचाई नाहीच. खानदेशात समुद्र नाही, त्सुनामी नाही, किनाऱ्यावर आदळणारं चक्रीवादळ इथे येईपर्यंत दमलेलं असतं. उरलेल्या धोक्यांची माझी क्रमवारी अशी : उन्हाळ्यातली उष्णता, पाण्याची टंचाई, नाल्या-ओढ्यांचा अचानक पूर, वादळी वारा-वीज-गारपीट आणि सर्वांत शेवटी भूकंप. तुम्ही तिशीतले असता आणि शेती करणार असता तर गारपीट वर आली असती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई सोबत असताना उष्णतेला पहिल्या नंबरावरून हलवता येत नाही.

भूकंपाचं आधी संपवतो, कारण लोक सगळ्यात जास्त त्यालाच घाबरतात. 'आयएस १८९३' या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतल्या नकाशात तापीचा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात येतो. याचं कारण सातपुड्याच्या अंगाने जाणारे नर्मदा-तापी पट्ट्यातले जुने भूभ्रंश, म्हणजे खडकातल्या खोल भेगा. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहाच्या वर तीव्रतेचा भूकंप झाला होता. तो खूप खोलवर झाल्याने लांबवर जाणवला, पण त्या मानाने पडझड कमी झाली. उलट ३० सप्टेंबर १९९३ चं किल्लारी. तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता. नकाशा म्हणजे हमीपत्र नव्हे, एवढं त्यावरून कळतं. माणसं मेली ती दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं मातीचं जड छत कोसळून.

म्हणून भूकंपाच्या हिशेबाने गाव निवडू नका, गवंडी निवडा. रावेर आणि पारोळा यांच्यात भूकंपाच्या दृष्टीने जो फरक आहे, त्याहून मोठा फरक पट्टे टाकलेल्या आणि न टाकलेल्या घरात असतो. विटांचं लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच छताचा भार असलेलं, घर असेल तर जोत्यावर, दारं-खिडक्यांच्या लिंटल पातळीवर आणि छताखाली असे तीन सलग आरसीसी पट्टे घ्या. जाडी किमान ७५ मिलिमीटर, आत दोन सळया, ६ मिलिमीटरच्या रिंगा १५० मिलिमीटरवर. पट्टा सगळ्या भिंतींवरून अखंड फिरला पाहिजे. कोपऱ्यात सळई काटकोनात कापून ठेवली की पट्ट्याचा अर्धा उपयोग गेला. ती वाकवून दुसऱ्या भिंतीत पुढे न्यायची. गवंडी म्हणेल, 'खिडकीवर लिंटल टाकलंय ना!' सुटे लिंटल म्हणजे पट्टा नव्हे. आरसीसी फ्रेमचं घर असेल आणि खाली नुसते खांब ठेवून पार्किंग करायचं असेल, तर डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या. वर भिंती आणि खाली मोकळं असलं की सगळा झोक खालच्या खांबांवर येतो.

जुनं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर स्वस्तात मिळतंय म्हणून घ्यायचा विचार असेल तर जरा थांबा. आपल्याकडची धाब्याची घरं लाकडी खांबांवर उभी असतात, भिंत पडली तरी छत काही वेळ खांबांवर टिकतं, हा त्यांचा मोठा गुण. पण दर वर्षी पावसाआधी धाब्यावर मातीचा नवा थर टाकायची पद्धत आहे, जुना थर खरवडून काढायची मात्र नाही. वर्षानुवर्षं साठून थर फूट-दीड फूट होतो. घनमीटरभर माती कोरडी असताना साधारण दीड टन, भिजली की दोन टनांच्या आसपास. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर थर असेल तर झडीच्या पावसात डोक्यावर पाच-साडेपाच टन ओझं लटकतं. सरींची, म्हणजे छताच्या आडव्या तुळयांची, टोकं भिंतीत जिथे रुततात, तिथे पेचकस खुपसून बघा. सहज आत गेला तर लाकूड वाळवीने पोखरलंय. असं घर पाडायचा खर्च धरूनच भाव करा.

आता पाणी. तापीच्या पुराची धास्ती लोकांना असते ती सुरतेच्या २००६ च्या पुरामुळे. खानदेशात तापी बहुतेक ठिकाणी उंच, उभ्या दरडींमधून वाहते, त्यामुळे तिचं पाणी सुरतेसारखं मैलोन्‌मैल पसरत नाही. त्रास होतो तो तिला मिळणाऱ्या उपनद्या-नाल्यांच्या तोंडाशी. हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले, तापी दुथडी झाली की बाजूच्या नाल्याचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही, उलटं मागे सरकतं. त्याला फुगवटा म्हणतात. नाल्यावर पाऊस नसतानाही फुगवट्याने घरात पाणी येतं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजांच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांत हे तपासलंच पाहिजे. आणि दरडीच्या अगदी काठावरचा, 'रिव्हर व्ह्यू' म्हणून विकला जाणारा प्लॉट घेऊ नका. गाळाच्या दरडी पावसाच्या पाण्याने मागे मागे खचत जातात.

खरा घात करतात त्या छोट्या नद्या. ३० आणि ३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांनी हाहाकार केला, हजारो नाही तरी शेकडो जनावरं दावणीला बांधलेली वाहून गेली. त्याच पावसात कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद झाला. ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूरला रंगावलीने असाच तडाखा दिला. धुळ्यात पांझरेचा पूर जुना आहे. १८७२ सालच्या पांझरा-गिरणेच्या पुराची नोंद इंग्रजांच्या खानदेश गॅझेटियरमध्येच सापडते. सगळीकडे कारण तेच : मागे डोंगर, उतार तीव्र, नदीची लांबी कमी. वर ढग फुटल्यासारखा पाऊस झाला की दोन-तीन तासांत पाणी गावात, आणि तेही बहुधा रात्री.

मोठ्या नद्यांच्या पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं बांधकाम नाही. निळ्या-लालच्या मध्ये अटींवर परवानगी मिळते, पण कायद्याने परवानगी मिळाली म्हणजे पाणी येणार नाही असं नव्हे. तुम्ही लाल रेषेच्या बाहेरच बघा. रेषा नगरपालिकेच्या विकास आराखड्यावर किंवा पाटबंधारे कार्यालयात बघायला मिळते. प्लॉटचा गट नंबर घेऊन जा. नुसतं गावाचं नाव सांगितलं तर नुसतंच उत्तर मिळतं.

अडचण अशी की कॉलनीमागच्या नाल्याला पूररेषाच आखलेली नसते. तिथे हिशेब आपण करायचा. समजा नाल्याला वरून एक चौरस किलोमीटरचं पाणी येतं. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, त्यातलं निम्मं जमिनीत मुरलं असं धरलं, तरी तासाला २५ हजार घनमीटर पाणी खाली येणार. दहा हजार लिटरचे अडीच हजार टँकर. सेकंदाला सरासरी सात घनमीटर. आता बिल्डरने नाल्यावर रस्ता नेताना टाकलेली मोरी बघा. बहुतेक ठिकाणी दोन फुटी सिमेंटचे दोन पाइप. असा एक पाइप तुंबलेला नसताना सेकंदाला अर्धा-पाऊण घनमीटर पाणी पास करतो. म्हणजे सातपैकी जेमतेम दीड. उरलेलं साडेपाच घनमीटर रस्त्यावरून, मग कॉलनीतून. पाइपात प्लास्टिक आणि कापसाच्या पऱ्हाट्या अडकल्या की तेही गणित संपलं. जळगावच्या लेंडी नाल्यासारखे नाले शहरात भिंतींमध्ये आवळले जातात, तिथेही हाच नियम. नाला अरुंद केला म्हणून वरचं पाणी कमी होत नाही.

वरचं क्षेत्र किती हे कळायला भुवन या इस्रोच्या संकेतस्थळावर किंवा गुगल अर्थवर नाला उगमापर्यंत वर शोधत जा, दोन्ही बाजूंच्या टेकड्यांच्या माथ्यावरून रेघ मारा आणि आतलं क्षेत्र मोजा. अर्ध्या तासाचं काम आहे. वर पाझर तलाव किंवा गावतळं असेल तर त्याचा सांडवा तुमच्या दिशेला तोंड करून आहे का, बांधावर बाभळी उगवल्यात का, हेही बघा. बाभळीची मुळं कुजली की बांधात पाण्याला वाट मिळते.

जागेवर मी एकच हत्यार नेतो, पारदर्शक प्लास्टिकची वीस मीटर नळी, जी गवंडी लेव्हलला वापरतात. नाल्याकाठी पुराची शेवटची खूण शोधायची : झाडाच्या बुंध्यावर अडकलेला पाचोळा, तारेच्या कुंपणात गुंतलेला काडीकचरा, पुलाच्या खांबावरची गाळाची रेघ. तिथून नळीने टप्प्याटप्प्याने प्लॉटपर्यंत उंची मोजत यायचं. खुणेपेक्षा प्लॉट दोन मीटरने उंच असेल तर मी निश्चिंत असतो. एक मीटर असेल तर जोतं वाढवून भागतं. त्याहून कमी असेल तर भाव कितीही उतरवू देत, सोडून द्या. दोन फूट भराव टाकून प्लॉट उंच करून देतो असं कोणी म्हणालं तर भराव पाण्याची वाट अडवणार नाही ना, एवढं बघा. अडवली तर पाणी शेजाऱ्याकडे आणि भांडण तुमच्याकडे. आणि गावातल्या सत्तरीच्या माणसाला गाठून सरळ विचारा, 'बाबा, पूर कठलोंग उना व्हता?' (पूर कुठपर्यंत आला होता?) अहिराणीत विचारलं की उत्तर खरं मिळतं. मराठीत विचारलं की प्लॉट विकणाऱ्याच्या बाजूचं मिळतं.

जमीन हाताने ओळखता येते. मे महिन्यात जा. जमिनीला मूठ जाईल एवढ्या भेगा असतील तर ती काळी कपाशीची माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वर्षातून दोनदा घराला उचलते नि सोडते. भिंतीला पायऱ्यापायऱ्यांची तिरकी भेग जाते ती यामुळेच. लोक तिला भूकंपाची भेग समजून घाबरतात. प्रयोगशाळेत मातीची मुक्त फुगवणूक तपासून घ्या. दहा ग्रॅम चाळलेली वाळवलेली माती पाण्यात आणि तेवढीच रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतात. पाण्यातली माती रॉकेलमधल्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फुगली तर साधा पाया चालणार नाही. तळाशी गोळा असलेले पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल न्यावे लागतात, कारण त्याखाली ओल फारशी बदलत नाही. काळी माती चार-पाच फुटांवर संपून मुरूम लागत असेल तर ती सगळी काढून मुरमावर पाया घेतलेला स्वस्त पडतो. म्हणून प्लॉटवर इसाराआधी जेसीबीने दोन कोपऱ्यांत सहा-सहा फुटांचे खड्डे घ्या. मालक 'उगाच कशाला' म्हणाला तर ते 'उगाच' नाहीये हे समजा.

टंचाईसाठी लोकांच्या आठवणीवर जाऊ नका, कागद बघा. तहसीलमध्ये दर वर्षी टंचाई आराखडा होतो. त्यात ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च आणि एप्रिल-जून या तीन टप्प्यांत कोणत्या गावाला टँकर लागेल ते लिहिलेलं असतं. मागची पाच वर्षं चाळा. तुमच्या गावाचं नाव पहिल्याच टप्प्यात येत असेल तर तिथे बोअर मारून सुटका होणार नाही. शिंदखेडा, अमळनेर, पारोळा हा पट्टा पर्जन्यछायेचा आहे आणि खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ. या खडकात पाणी भेगांमध्येच असतं, त्यामुळे एका प्लॉटला लागतं आणि शेजारच्याला लागत नाही. धुळे-नंदुरबारकडे खडकात उभ्या काळ्या दगडाच्या भिंती शिरलेल्या आहेत, त्याही पाणी अडवतात. भिंतीच्या एका बाजूला विहीर भरलेली, दुसऱ्या बाजूला ठणठणाट. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरकडे गाळाचा जाड थर आहे, पाणी भरपूर होतं, पण केळीने उपसा इतका झाला की पातळी खोल खोल गेली. शिरपूरकडे नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले, 'शिरपूर पॅटर्न' म्हणून तुम्ही ऐकलं असेल. तिथे विहिरींना फायदा झाला, पण खोल केलेल्या नाल्याच्या काठाला लागून घर घेऊ नका, काठ ढासळतो.

नळाचं पाणी कुठून येतं ते विचारा. जळगावला वाघूर धरण, नंदुरबारला विरचक, धुळ्याला तापी आणि नकाणे तलाव. धरण कोरडं पडलं की शहर तहानतं, म्हणून दोन स्रोत असलेलं शहर बरं. घरात साठवण मात्र हवीच. चार माणसं, माणशी ९० लिटर, आठवड्यातून एकदा पाणी आलं तर अडीच हजार लिटर नुसतं जगायला. उन्हाळ्यात कूलर दिवसाला पन्नास ते शंभर लिटर पितो, तो वेगळा. म्हणून दहा हजार लिटरची जमिनीतली टाकी मी किमान मानतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर वाहून जाणारं धरून साधारण ४८ हजार लिटर हाती येतं. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, नंतरचं जाळी-वाळूतून टाकीत घ्या.

आता ऊन. भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या पुढे जाणं कुणाला नवीन नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने ४५ म्हणजे उष्णतेची लाट, ४७ म्हणजे तीव्र लाट. म्हातारी माणसं दुपारच्या उन्हाने कमी आणि रात्री न थंडावणाऱ्या खोलीने जास्त खचतात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता खाली ओकत राहतो. म्हणून आईची खोली तळमजल्यावर, ईशान्य कोपऱ्यात, आणि तिच्यावर दुसरी खोली असेल अशी. पश्चिमेला जिना, न्हाणी, कोठार, म्हणजे तिथल्या भिंतीचा ताप राहत्या खोलीत येत नाही. पश्चिमेची भिंत दुहेरी घ्या, मध्ये दोन इंच पोकळी. गच्चीवर चायना मोझॅक (चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी), निदान मार्चअखेर चुन्याचे दोन हात. कूलर कोरड्या हवेतच काम करतो, तेही समोरची खिडकी उघडी असेल तर. बंद खोलीत कूलर म्हणजे वाफारा. जूनमध्ये ढग आले, हवा दमट झाली की त्याचा उपयोग संपतो, तेव्हासाठी एका खोलीत एसी आणि इन्व्हर्टर ठेवा. उंचीनेही फरक पडतो. साक्री-पिंपळनेरकडे जमीन वर आहे, म्हणून तिथलं ऊन भुसावळइतकं भाजत नाही. पण तिथून रात्री दोनला हृदयरोगतज्ज्ञापर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. आईच्या बाबतीत हे अंतर दोन अंश तापमानापेक्षा महत्त्वाचं आहे.

वारा, गारा आणि विजेचं लवकर सांगतो. मे-जूनच्या वावधनात, म्हणजे वादळी वाऱ्यात, केळी आडव्या होतात आणि पत्रे उडतात. पत्र्यावर दगड ठेवणं हा उपाय नाही, उडालेल्या पत्र्यापेक्षा त्याच्यावरून सुटलेला दगड जास्त घातक असतो. हुक-बोल्ट पत्र्याच्या फुगीर भागावर, वॉशरसह, आणि कडेच्या ओळीत एक सोडून एक नव्हे तर जवळजवळ. पत्र्याची कड भिंतीबाहेर दीड फुटापेक्षा जास्त ठेवू नका, वारा खालून धरतो. गच्चीवरच्या सोलर पॅनेलचं स्टँड स्लॅबमध्ये बोल्टने बसवलेलं हवं, नुसते सिमेंटचे ठोकळे पुरत नाहीत. घराला टेकून गुलमोहर किंवा नीलगिरी नको, कडूनिंब चालेल. विजेसाठी पुण्याच्या हवामान संस्थेचं दामिनी अ‍ॅप फोनवर ठेवा, आणि उघड्या माळावर एकटं घर असेल तर वीजरोधक आणि वेगळं अर्थिंग.

धडगाव-अक्राणीचा डोंगराळ भाग हवेला छान, पण तुमच्यासाठी नको. दरडी कोसळल्या की चांदसैली घाटासारखे रस्ते बंद होतात, आणि माळीण (२०१४), इर्शाळवाडी (२०२३) इथे उताराखालच्या वस्त्यांचं काय झालं ते सर्वांना माहीत आहे. डोंगराच्या पायथ्याला, वरच्या उताराला नवी भेग पडलेली किंवा झाडं तिरकी झालेली दिसली तर तिथून निघा.

तर नावं. तुमच्या गरजेला माझी पहिली पसंती धुळे किंवा जळगाव शहराच्या कडेच्या मुरमाड चढाला. जळगाव मोठ्या नदीच्या काठावर नाही, गिरणा लांब आहे, त्यामुळे तिथे फक्त नाले टाळायचे. त्याबदल्यात ऊन सोसायचं. धुळ्यात पांझरेपासून आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांपासून चढ घ्या. खडक उथळ असल्याने पाया सोपा पडतो, पाणी मात्र साठवून वापरायची सवय लावा. दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. दुसरी पसंती शिरपूर-शहादा. शहरात पाणी बरं, पण सातपुड्यातून येणाऱ्या नद्या-नाल्यांपासून दूर. चाळीसगाव, नवापूर, अमळनेर ही गावं मी नापास करत नाही, फक्त नदीपलीकडची उंच बाजू मिळाली तरच. नातेवाईक कुठे आहेत हे मी विचारलं नाही, पण ते धरून हा क्रम बदलू शकतो. शेजारी सख्खा भाऊ असणं कुठल्याही लाल रेषेइतकंच कामाचं असतं.

घर झालं की विमा उतरवा. एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक पॉलिसी देतात, तिच्यात भूकंप, पूर, वादळ, वीज, भूस्खलन सगळं येतं. रक्कम ठरवताना बांधकामाचा खर्च धरा, जमिनीचा भाव धरू नका. जमीन वाहून जात नाही, हप्ता उगाच वाढतो.

आणि इसार देण्याआधी प्लॉट दोनदा बघा. एकदा मे महिन्यात दुपारी तीनला, एकदा पहिल्या मोठ्या पावसात, पाऊस चालू असताना, छत्री घेऊन. पाणी कुठून येतं आणि कुठे थांबतं ते तेव्हाच दिसतं. तोवर मालकाला धीर धरवत नसेल तर इसार पावतीवर एवढं लिहून घ्या : गट नंबरची सरकारी मोजणी झाली पाहिजे, पूररेषेच्या बाहेर असल्याचा पाटबंधारे कार्यालयाचा लेखी अभिप्राय आला पाहिजे, सहा फुटांच्या खड्ड्यात मुरूम लागला पाहिजे. यातलं एकही झालं नाही तर इसाराची पूर्ण रक्कम पंधरा दिवसांत परत.